विष्णुपंतांचं कार्ड आणि हरिचंद्राचे बूट

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत विष्णुपंत घैसासांनी दोन मतं दिली, एक दिल्लीसाठी आणि एक मुंबईसाठी. दोन्ही उमेदवारांची अनामत जप्त झाली. विष्णुपंतांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. "लोकांना अजून कळत नाही," एवढंच म्हणाले आणि चहाला बसले. छत्तीस कोटी माणसं एका बाजूला आणि आपण एका बाजूला, असं त्यांच्या आयुष्यात अनेकदा झालं होतं. त्यांना सवय होती.

अंबरनाथला आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून होती. मधली भिंत चांगली विटांची होती, पण विष्णुपंतांच्या मतांना ती अडवू शकत नसे. सकाळी दाढी करताना पंचवार्षिक योजना, आंघोळीचं पाणी काढताना रेशन, टोपी घालताना काश्मीर. मी त्या काळात पेपर कधी विकत घेतला नाही. लागलाच नाही.

आम्ही दोघं एकाच रंगाच्या कारखान्यात, टाइम ऑफिसात होतो. ते हेडक्लार्क, मी त्यांच्या हाताखाली. कोणता कामगार किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला हे मस्टरवर लिहायचं, एवढं आमचं काम. विष्णुपंतांची बरीचशी मतं या मस्टरातूनच उगवलेली असत. सरकार आधी धरणं बांधतंय हे त्यांच्या मते चूक होतं. "पाच वर्षं माणसांना फक्त वेळेवर यायला शिकवा. धरणं काय, ती येणारी माणसंच बांधतील." दारूबंदी त्यांना मान्य होती, पण ज्या खात्याकडे ती सांभाळायला दिली होती ते खातं मान्य नव्हतं. भाषावार राज्यांना त्यांचा पूर्ण पाठिंबा होता. फक्त नकाशा त्यांना दाखवल्याशिवाय काढू नये, अशी माफक अपेक्षा होती.

फुटबॉलशी त्यांचा संबंध कसा आला, हे मात्र मालिनीवहिनींनाही सांगता येत नसे. जन्मात त्यांनी चेंडूला पाय लावलेला नव्हता. उलट पाय चुकून कशाला लागलाच तर ते वाकून नमस्कार करणाऱ्यांपैकी. पण रोव्हर्स कपाचे निकाल ते पंचांगासारखे वाचत, आणि कारखान्याच्या टीमची मॅच असली की छत्री घेऊन थेट गोलच्या खांबाशी जाऊन उभे राहत. खेळाडूंना पैसे देण्याच्या ते कडक विरोधात होते. कलकत्त्याला म्हणे आतून देतात, आणि विलायतेत तर उघड पगार, दर आठवड्याला. "पगार आला की मस्टर आलं," विष्णुपंत म्हणत. "मस्टर आलं की लेट मार्क आला. लेट मार्क आला की खेळ संपला." हे ते अनुभवानं बोलत.

नुसतं बोलून ते थांबत नसत. दर रविवारी जेवणानंतर ते एक पोस्टकार्ड लिहीत. कधी पेपरला, कधी मुंबईच्या एखाद्या खात्याला, कधी थेट दिल्लीला. कार्डावर जागा लहान आणि मत मोठं, त्यामुळे शेवटच्या ओळी कडेकडेनं चढत पत्त्याच्या उंबऱ्यापर्यंत पोचत. कार्ड पेटीत टाकायचं काम मालिनीवहिनींचं, कारण भाजीच्या वाटेवर पेटी होती. उत्तर कधीही आलं नाही. छापून तर नाहीच नाही. "पोचलेलं असतं," विष्णुपंत म्हणत. "पोचलं नसतं तर परत आलं असतं."

बावन्न सालच्या पावसाळ्यात हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या फुटबॉल टीमला युगोस्लाव्हियानं दहा विरुद्ध एक असं हरवलं. आपली बरीच मंडळी अनवाणी खेळली होती. विष्णुपंतांनी ती बातमी तीन वेळा वाचली, त्यातली एक वेळ माझ्यासाठी, भिंतीतून. रविवारपर्यंत त्यांना धीर निघाला नाही. गुरुवारीच कार्ड लिहिलं. ते त्यांनी मला वाचून दाखवलं म्हणून माझ्या लक्षात आहे. बूट सक्तीचे करणारा कायदा ताबडतोब करावा, असा मुद्दा होता, आणि शेवटचं वाक्य त्यांच्या विशेष आवडीचं होतं: ज्याच्या पायात बूट नाही, त्याला मैदानात जागा नाही.

कार्ड मालिनीवहिनींच्या हातात गेलं. विष्णुपंत पुढच्या विषयाकडे वळले. तो बहुतेक साखर होता.

त्रेपन्नच्या जून महिन्यात शशिकांत प्रधान टाइम ऑफिसात आला. हा आमचा तरुण लेबर ऑफिसर आणि कारखान्याच्या फुटबॉल टीमचा सेक्रेटरी. त्याच्या हातात गणपतीनंतर होणाऱ्या कारखान्यांच्या शील्ड स्पर्धेचं परिपत्रक होतं. त्यानं सहज वाचून दाखवलं: वरच्या मंडळींनी ठरवल्याप्रमाणे यंदापासून आपल्याकडेही प्रत्येक खेळाडूला बूट सक्तीचे. बूट नसलेल्या खेळाडूस मैदानात उतरता येणार नाही.

विष्णुपंत खुर्चीवरून उठले. परिपत्रक हातात घेतलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हे माझं वाक्य आहे," ते म्हणाले.

शशिकांत हसला. विष्णुपंत हसले नाहीत. त्या संध्याकाळी चाळीत आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांनी पेढे वाटले. सरकार हळू ऐकतं, पण ऐकतं, हे ते प्रत्येकाला पेढ्याबरोबर देत होते. मालिनीवहिनी मात्र त्या संध्याकाळी पेढ्यांचा पुडा माझ्या हातात देऊन, एकही पेढा न घेता आत गेल्या. मला वाटलं, पेढ्यांचा खर्च.

पेढे वाटत वाटत विष्णुपंत गोदामापाशी आले. तिथे हरिचंद्र रंगाची पिंपं लोटत होता.

हा हरिचंद्र चामटोलीचा. शेतकऱ्याचा मुलगा, चोवीस वर्षांचा, दोन वर्षं आमच्याकडे हंगामी. म्हणजे कारखान्याला गरज असली की मस्टरवर नाव, नसली की नाव कमी. पावसात आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, तो पंधरा दिवस घरी जाई आणि त्या दिवसांत त्याच्या नावापुढे आम्ही फुल्या मारत असू. पण टीमचा सेंटर फॉरवर्ड तोच होता, आणि आमच्या मैदानावर तसा खेळाडू ना आधी झाला ना नंतर. चेंडू त्याच्या पायाला चिकटलेला असे. तो पळत असे तेव्हा पायांचा आवाज येत नसे, कारण पायात काही नसेच. कारखान्याच्या मोठ्या साहेबानं त्याला शब्द दिला होता: फायनल काढून दे, तुला कायम करतो. शशिकांतच्या समोर दिला होता, म्हणून त्याला किंमत होती. कायम झालं की त्याच्या घरी पहिल्यांदाच बारा महिने पगार येणार होता.

विष्णुपंतांनाही हे माहीत होतं. पगारी खेळाबद्दलचं त्यांचं मत हरिचंद्राला लागू नव्हतं. "तो खेळण्याचा पगार नाही. पिंपं लोटण्याचा आहे," असा त्यांनी खुलासा करून ठेवला होता.

हरिचंद्रानं पेढा तोंडात टाकला आणि मग विचारलं, "कसला पेरा, पंत? मुलगा जाला काय कुनाला?"

"कायदा झाला," विष्णुपंत म्हणाले. "माझ्या कार्डावरून. फुटबॉल यापुढे बूट घालूनच खेळायचा. देशभर."

हरिचंद्र चघळायचा थांबला. "बूट म्हंजे पायांत?"

"अर्थात पायात."

"सगल्यांनी?"

"सगळ्यांनी," विष्णुपंत म्हणाले, आणि एवढ्यात त्यांची नजर खाली गेली. मी त्यांच्या मागेच होतो, माझीही गेली. समोर हरिचंद्राचे पाय होते. रुंद, भेगाळलेले, आणि पाचही बोटं एकमेकांशी भांडून वेगळी राहायला गेल्यासारखी. विष्णुपंतांच्या हातातला पेढ्यांचा पुडा हळूहळू खाली आला.

"पंत," हरिचंद्र म्हणाला, "मी बूट घालून चालत पन नाय."

त्या आठवड्यात टीममधल्या प्रत्येकाचे बूट हरिचंद्राला घालून पाहिले. एकाही बुटात त्याचा पाय अर्ध्यापलीकडे गेला नाही. बाळा नावाचा आमचा गोलकीपर, टीममध्ये सगळ्यात मोठ्या पायाचा; त्याच्या बुटात बोटं गेली पण टाच बाहेर राहिली. "बोटं खेळव, टाच घरी ठेव," बाळा म्हणाला. सगळे हसले, हरिचंद्रही हसला. विष्णुपंत नाही. पेढ्यांच्या दिवसापासून भिंतीपलीकडून मतं येणं कमी झालं होतं. रविवारी त्यांनी शील्डच्या कमिटीला कार्ड लिहिलं, की कायदा योग्यच आहे, परंतु त्यास चामटोलीपुरता अपवाद असावा. ते कार्ड पोचलं. उत्तरही आलं. आयुष्यातलं त्यांना आलेलं पहिलं उत्तर: अपवाद नाही.

मग त्यांनी ठरवलं, बूट करून घ्यायचे. स्वतःच्या खर्चानं.

उल्हासनगरला, ज्याला आम्ही तेव्हा कँप म्हणत असू, तीन नंबरच्या कँपात बराकीच्या एका खोलीत टहिलराम नावाच्या सिंधी माणसानं बुटांचं दुकान थाटलं होतं. तिकडे शिकारपूरला तो शाळामास्तर होता, इकडे येऊन कारागीर ठेवून बूट विकू लागला. मी विष्णुपंतांबरोबर गेलो होतो. दुकानात बसल्याबरोबर विष्णुपंतांनी निर्वासितांच्या पुनर्वसनाच्या धोरणात काय चुकलं ते सांगायला सुरुवात केली. अर्धा तास सांगितलं. टहिलरामनं मास्तरासारखं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"साईं, आप बोलते बहुत अच्छा हैं," तो शेवटी म्हणाला. "पैर किधर है?"

"पैर चामटोली में है. आवणी चालू आहे, ते पंधरा दिवस येणार नाही."

"तो पैर को लाओ, साईं. बात का बूट नहीं बनता."

विष्णुपंतांनी मान हलवली. आवणी सोडून माणसाला कँपात आणणं त्यांना बरं वाटेना. मस्टरावर एक फुली, शेतात एक फुली. "माप मी घेऊन येतो," ते म्हणाले. "बरोब्बर आणतो."

"देखो, चमडा एक बार कटेगा," टहिलराम म्हणाला. "दुसरी बार नहीं."

पुढच्या रविवारी आम्ही बदलापूरला उतरून चामटोलीला चालत गेलो. विष्णुपंतांनी धोतर गुडघ्याच्या वर खोचलं होतं, डोक्यावर छत्री, काखेत त्या दिवसाचा पेपर. हरिचंद्र आणि त्याची आई ठमाबाई गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होती. विष्णुपंतांनी बांधावरूनच हाक मारली. हरिचंद्र वर आला, ओहोळात पाय धुतले, आणि विष्णुपंतांनी पेपर बांधावर पसरला. आलं ते पान अग्रलेखाचं होतं.

"उभा राहा यावर."

"पेपरावं? पाय?" हरिचंद्र मागे सरला.

"राहा. देशकार्य आहे."

हरिचंद्र अग्रलेखावर उभा राहिला. विष्णुपंत उकिडवे बसले आणि कानावरची पेन्सिल काढून पायाभोवती फिरवू लागले. कागद भिजत होता, पेन्सिल घसरत होती. आयुष्यभर माणसांच्या वेळा अचूक लिहिणारा माणूस. त्या दिवशी करंगळीशी पोचेपर्यंत त्यांनी दोनदा पेन्सिलीला टोक काढलं.

ठमाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. ती म्हणाली, "पंत, माप आता नका घेव. दोन हप्तं जालं, त्याचा पाय चिखलांत हाय. आवनीत पाय फुगतो. भादव्यात बगा, निम्मा राहील."

"फुगलेलाच बरा," विष्णुपंत म्हणाले. "बूट नेहमी थोडा वाढत्या मापाचा असावा." आणि त्यांनी पहिल्या रेघेच्या बाहेर, चारही बाजूंनी अर्धं बोट सोडून, दुसरी रेघ काढली.

आता हे मला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण मीही तशाच घरातला. माझ्याही लहानपणी सदरा दोन वर्षं पुढचा शिवत, आणि शाळेचे बूट पुढच्या वर्षीच्या पायाचे घेत. वाढत्या अंगाचं घ्यावं, हे आमच्याकडे इतकं अंगात मुरलेलं, की हा पाय चोवीस वर्षांचा आहे आणि आता वाढणार नाही, हे माझ्याही लक्षात आलं नाही. ठमाबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या रेघेकडे, आणि पुन्हा रोपं लावायला वाकली.

टहिलरामनं ते पान उलगडलं, उलटं धरलं, पुन्हा सुलटं केलं. "साईं, यह पैर है या पंखा?" त्यानं विचारलं. मग खांदे उडवून पान कारागिराकडे दिलं.

कारागीर मध्येच कुठेतरी गावाला गेला, आला, पुन्हा गेला. शील्डचे पहिले दोन सामने हरिचंद्रानं बाहेर बसून पाहिले. टीम कशीबशी जिंकली. एक सामना समोरच्यांनी आपल्याच गोलात चेंडू मारला म्हणून. बूट हातात पडले तेव्हा फायनल चार दिवसांवर होती.

चाळीच्या अंगणात हरिचंद्रानं पाय बुटात घातला आणि पाय आत कुठेतरी निघून गेला. भादव्यात बघा, असं ठमाबाईनं सांगितलं होतं, आणि भादवाच होता. पाय सुकून आपल्या मूळच्या मापावर आला होता. बूट मात्र आषाढातल्या चिखलात उभे होते, वर चारही बाजूंनी अर्धं बोट.

"मस्त हायत," हरिचंद्र म्हणाला. त्यानं चार पावलं टाकली. बूट दोन पावलं आले.

विष्णुपंत घरात गेले आणि जुने पेपर घेऊन आले. ते बुटांत कोंबायला त्यांनी स्वतः सुरुवात केली. आधी पुढे, मग टाचेला. महिनाभराचे पेपर गेले. त्यात अन्नधान्याचं नियंत्रण होतं, आंध्राचं राज्य होतं, रोव्हर्स कपाची बातमी होती. "आता बघ," ते म्हणाले. हरिचंद्रानं पळून दाखवलं. पळताना आतून कागदाचा आवाज येत होता.

फायनलला पाऊस नव्हता, नुसती भुरभुर होती. कागदाला तेवढी पुरते. समोर कल्याणकडच्या एका गिरणीची टीम होती. सुरुवातीची पंधरा मिनिटं हरिचंद्र बरा धावला. मग बुटांत पाणी शिरलं आणि महिनाभराच्या बातम्यांचा लगदा झाला. तो पळायला लागला की पाय आधी जाई, बूट नंतर. वळायला गेला की पाय वळे, बूट समोरच बघत राही. गिरणीवाले हसत होते. काही वेळानं आमचेही हसायला लागले. हरिचंद्र दर दोन मिनिटांनी खाली बसून नाडी आवळत होता. साहेब खुर्चीवर बसून घड्याळ बघत होता. विष्णुपंत गोलच्या खांबाशी छत्री घेऊन उभे होते, आणि त्या पूर्ण सामन्यात त्यांनी एकही मत दिलं नाही.

शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा दोन्ही बाजूंना गोल नव्हता. आणि चेंडू हरिचंद्राकडे आला. समोर फक्त गिरणीचा गोलकीपर. बहुतेक हरिचंद्र त्या क्षणी बूट विसरला असावा. त्यानं पाय नेहमीसारखा मागे नेला आणि मारला.

पायातून चेंडू सुटला आणि बूटही सुटला. चेंडू डावीकडे, बूट उजवीकडे. गोलकीपरला जी वस्तू मोठी दिसली तिच्यावर त्यानं झेप घेतली. त्यानं बूट फार सुंदर पकडला. चेंडू दुसऱ्या कोपऱ्यातून आत गेला.

आमच्या लोकांनी टोप्या उडवल्या, आणि गिरणीवाले रेफ्रीकडे धावले: अनवाणी मारला, गोल धरता येणार नाही. आमचे म्हणाले, मारताना बूट पायातच होता, नंतर सुटला. रेफ्री रेल्वेतला एक सरळ माणूस होता. तो चिखलात मागे राहिला होता, त्याला दिसलं नव्हतं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आणि गोलच्या खांबाशी, पाच हातांवर उभे असलेले विष्णुपंत त्याला दिसले. त्यांना सगळे ओळखत.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही सगळ्यात जवळ होता. तुम्ही सांगाल ते मी धरतो. बूट आधी सुटला की चेंडू आधी?"

हरिचंद्र एका पायात बूट आणि एक पाय उघडा असा उभा होता, विष्णुपंतांकडे बघत. शशिकांतही बघत होता. गिरणीचा गोलकीपर बूट छातीशी धरून होता.

विष्णुपंतांनी घसा साफ केला. "माझं मत असं आहे की..."

"मत नको, काका," रेफ्री म्हणाला. "काय पाहिलंत तेवढं सांगा."

विष्णुपंतांनी चष्मा काढला. छत्री होती, पण तिची एक काडी मोडलेली होती आणि पाणी त्या बाजूनं चष्म्यावर येत होतं. त्यांनी काचा धोतराला पुसल्या, बघितल्या, पुन्हा पुसल्या. मला माहीत आहे, एक शब्द बोलायचा होता. "चेंडू." त्या माणसानं आयुष्यभर न पाहिलेल्या गोष्टींबद्दल छातीठोकपणे सांगितलं होतं, दिल्लीतल्या, कलकत्त्यातल्या, युगोस्लाव्हियातल्या. पण मस्टरवर त्यांनी कधी न आलेल्या माणसाला आला असं लिहिलं नव्हतं.

"पाहिलं नाही," ते म्हणाले. "चष्म्यावर पाणी होतं."

गोल रद्द झाला. रेफ्रीनं हरिचंद्राला नियमाप्रमाणे बूट घालून मग आत यायला सांगितलं. तो रेषेबाहेर बसून ओल्या नाडीची गाठ सोडवत असताना गिरणीनं आमच्यावर गोल केला.

सीझन संपला आणि हंगामी लोकांची नावं कमी करायची यादी वरून आली. ती आमच्याच टेबलावर येणार, दुसरीकडे कुठे. मी म्हटलं, "मी काढतो रेघ." विष्णुपंतांनी मान हलवली, पट्टी घेतली आणि हरिचंद्राच्या नावावर स्वतः रेघ मारली. सरळ. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून फक्त वस्तऱ्याचा आवाज आला.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी हरिचंद्र चाळीत आला. फडक्यात नवे तांदूळ होते, आणि काखेत ते बूट, धुऊन, वाळवून, आतून पुसून. मीही तिथेच बसलो होतो. मालिनीवहिनींनी चहा केला. बूट त्यानं दारापाशी नीट जोडून ठेवले, जसे कोणी आत पाहुणे आलेत.

"पंत, एक काम हाय," तो म्हणाला.

"बोल."

"तुमच्या एका कार्डावं दिल्लीनं समद्या देशाला बूट घालाया लावलं. मंग माज्यासाठी एक कार्ड लिवा. मना कायम करा, येवराच लिवा. मी काय कायदा बदला म्हनत नाय."

विष्णुपंत म्हणाले, "हरिचंद्रा, ते इतकं सोपं नसतं."

"मना ठावं हाय. पन तुमचं आयकतान."

विष्णुपंतांनी कार्ड काढलं. इतकं हळू लिहिताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एकही मत नव्हतं त्यात. नाव, गाव, दोन वर्षं केलेलं काम, किती दिवस हजर, किती वाजता. सगळं मस्टरवरून त्यांना पाठ होतं. ओळी कडेनं चढल्या नाहीत, खाली जागा उरली. हरिचंद्रानं ते वाचून घेतलं, मान डोलावली आणि समाधानानं निघून गेला.

मग मालिनीवहिनी आतून आल्या. त्यांच्या हातात एक दुसरं कार्ड होतं, जुनं, एका कोपऱ्यात हळदीचा डाग.

"मसाल्याच्या डब्यामागे पडलं होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पाऊस होता, उद्या टाकू म्हणून ठेवलं, ते राहूनच गेलं. तुम्ही पेढे घेऊन आलात तेव्हा मला आठवलं. इतके खूश होता, कसं सांगणार? आता सांगते, कारण गेले दोन महिने जेवत नाही आहात धड. तुमच्यामुळे काही झालेलं नाही."

विष्णुपंतांनी कार्ड हातात घेतलं. खाली ते वाक्य होतं, कडेनं चढलेलं, ज्याच्या पायात बूट नाही. मला वाटलं, आता यांचा जीव हलका होईल. पण ते दोन्ही खिसे एकदम रिकामे निघालेल्या माणसासारखे बसून राहिले.

"म्हणजे कायदा माझ्यामुळे नाही झाला."

"नाही हो."

"मग..." त्यांनी हरिचंद्राच्या कार्डाकडे पाहिलं. आणि हळदीचा डाग पडलेलं कार्ड त्याच्या शेजारी ठेवलं.

थोड्या वेळानं उठून टोपी घातली. वहिनींनी कार्डासाठी हात पुढे केला. "हे मी स्वतः टाकतो," ते म्हणाले. मी बरोबर गेलो. स्टेशनाबाहेरच्या पेटीत त्यांनी कार्ड सोडलं, मग फटीत बोटं घालून ते अडकलं नाही ना हे चाचपून पाहिलं, आणि तरी तिथेच उभे राहिले.

तेव्हापासून हरिचंद्र दर गुरुवारी अंबरनाथच्या बाजारात भाजी घेऊन येऊ लागला. जाताना टाइम ऑफिसच्या खिडकीशी थांबे. टोपली डोक्यावर, पाय अनवाणी.

"काय आलं काय, पंत?"

"अजून नाही."

एका गुरुवारी त्यानं आणखी एक विचारलं. "बुटांच्या कायद्याला किती म्हयनं लागलं व्हतं?"

विष्णुपंतांनी माझ्याकडे पाहिलं. मी मस्टरमध्ये पाहिलं. तिथे काही नव्हतं.

"अकरा," विष्णुपंत म्हणाले.

हरिचंद्रानं टोपली एका हातानं सावरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजलं. मोजून झाल्यावर त्याचा चेहरा चांगलाच उजळला.

"मंग आता तर दीडच जालाय. मीच लय लवकर इचारतंय," तो म्हणाला. "तुमी घाई करू नका, पंत. मी येतो पुढच्या गुरवारी."